अडलेल्याचं तिकीट

केवढ्याला पडलं तिकीट, असं तिने मला विचारलंच नव्हतं. मीच सांगितलं, आणि तेही जरा फुशारकीने. विमान वर जाऊन स्थिर झालं होतं, बेल्टची खूण विझली होती, पातळ ब्लँकेटांच्या प्लास्टिकची चुरचुर पुढच्या मागच्या सगळ्या ओळींमधून ऐकू येत होती आणि शेजारच्या सीटवरची बाई, पन्नाशीची असेल, अजून मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिच्या हातांना सॅनिटायझरचा वास येत होता, हॉस्पिटलात येतो तसा. नंतर कळलं की ती म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करते, विमान जिथून सुटलं त्या शहरात बारा वर्षं झाली तिला, आणि रात्रपाळी संपवून, कपडे बदलून थेट एअरपोर्टवर आली होती. आमची भाषा एक नव्हती, दोघींचंही इंग्लिश मोडकंतोडकं, पण लांबच्या प्रवासात तेवढं पुरतं. मी तिला सांगत होते की मी मुळात इथून निघालेच नाहीये, आधी छोट्या विमानाने दुसऱ्या देशातल्या एका शहरात गेले, तिथून परत इथे आले आणि आता हे विमान, कारण असा उलटा फेरा मारला की तेच तिकीट कितीतरी स्वस्त मिळतं. आणि मग मी आकडा सांगितला.

तिने ऐकलं, मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "जाऊन येऊन?" मी म्हटलं हो, जाऊन येऊन. ती खिडकीकडे बघायला लागली. बाहेर काही दिसत नव्हतं, पंखाच्या टोकाचा दिवा तेवढा लुकलुकत होता. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती, ओठ हलत होते. मग बरंच पुढे, ट्रे उचलून नेल्यावर आणि आतले दिवे मंद केल्यावर, अंधारात तिने तिचा आकडा सांगितला. माझ्या अडीचपट होता.

आणि तिचं तिकीट एका बाजूचंच होतं.

तिची आई आजारी होती. तीन दिवसांपूर्वी भावाचा फोन आला की ये, आणि तिने त्याच रात्री जे दिसलं ते तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही कारण कधी परत येणार ते कुणाला माहीत. मी काहीतरी बोलले, अरेरे वगैरे, पण आकडा माझ्या तोंडून बाहेर पडून गेलेला होता आणि तो आता परत घेता येत नव्हता. पुढचे सात-आठ तास आमच्या दोघींच्या मधल्या त्या अरुंद आर्मरेस्टवर तो आकडा बसून होता असं मला वाटत राहिलं. या गोष्टीला आता बरेच महिने झालेत, तरी ते बोटांवर मोजणं डोळ्यासमोरून जात नाही. ती काय मोजत होती ते तिने नंतर सांगितलं. पगाराचे महिने.

भाव सांगायची आणि विचारायची सवय मला बाबांकडून आली. ते कुणाच्याही हातात नवी वस्तू दिसली की विचारायचे, केवढ्याला पडली? आई ओशाळायची. पण बाबांचं म्हणणं असं की भाव विचारल्याशिवाय कळणार कसं, आपण फसलो का नाही ते. फक्त रेल्वेत ते कधी कुणाला विचारायचे नाहीत, कारण तिथे विचारण्यासारखं काही नव्हतंच. पुठ्ठ्याचं इवलंसं तिकीट, त्यावर भाडं छापलेलं, इतके किलोमीटर म्हणून इतके पैसे, आणि अख्ख्या डब्यात तेवढ्याच लांब जाणाऱ्या सगळ्यांच्या खिशात तोच आकडा. मला ते तिकीट बोटांत धरायला फार आवडायचं, त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असायच्या. आता मागे वळून बघताना वाटतं की त्या पुठ्ठ्यात एक शांतता होती. शेजारी बसलेला माणूस केवढ्यात आला हा विचार डोक्यात यायचाच नाही, आणि आपल्या शेजाऱ्याबद्दल हा विचार डोक्यात न येणं ही फार मोठी सोय आहे हे मला त्या विमानात पहिल्यांदा जाणवलं.

अर्थात रेल्वेही एवढी साधी कधीच नव्हती. ज्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता, पूल आणि रस्ते बांधणारा, त्याने १८४९ मध्ये एक गोष्ट लिहून ठेवलीये ती मी परत आल्यावर वाचली आणि मग त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तेव्हा काही रेल्वेंच्या थर्ड क्लासच्या डब्यांना छप्पर नसायचं, बाकडी लाकडी असायची. लोकांना वाटायचं कंपनी चिंगूस आहे, गरिबांवर खर्च करायचा नाही म्हणून असं. द्युपुई म्हणतो, छपराला असे कितीसे पैसे लागतात. छप्पर घालत नाहीत ते अशासाठी की ज्याला सेकंड क्लासचं भाडं परवडतं त्याने थर्ड क्लासमध्ये बसू नये. गरिबाला त्रास द्यायचा हेतू नाहीच, पैसेवाल्याला घाबरवायचं आहे, आणि त्या भानगडीत पावसात भिजतो मात्र गरीब. पावणेदोनशे वर्षं झाली या वाक्यांना. हल्ली सगळ्यात स्वस्त तिकिटावर बॅग नेता येत नाही, सीट निवडता येत नाही, तारीख बदलता येत नाही, आणि यातल्या कितीतरी गोष्टी द्यायला कंपनीला फारसा खर्च येत नाही हे माहीत असूनही आपण तो डबा बिनछपराचा आहे हे ओळखत नाही.

विमानाचं भाडं तर एके काळी चक्क सगळ्यांचं एकच होतं. आंतरराष्ट्रीय भाडी आयाटाच्या, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या, परिषदेत सगळ्या एअरलाइन्स मिळून ठरवायच्या, सरकारं त्यावर शिक्का मारायची, आणि भावात स्पर्धा करायची सोयच नसल्यामुळे त्या खाण्यात स्पर्धा करायच्या. १९५८ मध्ये अटलांटिकवर नवीन इकॉनॉमी क्लास सुरू झाला तेव्हा त्यात फक्त सँडविच द्यायचं असं ठरलं होतं, आणि मग सँडविच म्हणजे नक्की काय यावरून एअरलाइन्समध्ये जोराचं भांडण लागलं, कारण काही जण सँडविचच्या नावाखाली पूर्ण जेवण वाढत होते. मग अमेरिकेत १९७८ मध्ये देशांतर्गत भाड्यांवरचं सरकारी बंधन उठलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्स नावाच्या कंपनीने 'सुपर सेव्हर' नावाचं तिकीट काढलं होतं, खूप स्वस्त, पण खूप आधी काढायचं आणि ठरावीक दिवस तिकडे राहायचं. पुढे पीपल एक्स्प्रेस नावाच्या नव्या, अगदी स्वस्त एअरलाइनने सगळ्यांची झोप उडवली तेव्हा १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने आणखी पुढची चाल केली. काही सीट पीपल एक्स्प्रेसच्या भावाला द्यायच्या, पण कुठल्या विमानात किती सीट तशा द्यायच्या आणि किती शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या ते कॉम्प्युटरने ठरवायचं. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस संपली. या हिशेबाला यील्ड मॅनेजमेंट म्हणतात, आणि जगभरच्या हॉटेलांनी, गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी, क्रूझवाल्यांनी तो नंतर उचलला.

त्या काळातली एक अट मला राहून राहून आठवते. शनिवारची रात्र तिकडे काढली पाहिजे, तरच स्वस्त तिकीट. का शनिवार? कारण कामासाठी जाणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी घरी यायची धडपड करतो. त्याला बायकामुलांमध्ये रविवार हवा असतो. फिरायला जाणाऱ्याला शनिवार तिकडे काढायला काहीच वाटत नाही, उलट तो त्यासाठीच जातो. कंपनीला कुणाला विचारावं लागत नाही की बाबा रे तू कशासाठी चाललायस, तिकिटाचे पैसे तू देणार का तुझं ऑफिस. एक रात्र मध्ये टाकली की माणसं आपोआप दोन ढिगांत पडतात. किती बारीक नजर आहे ही! कुणीतरी एका खोलीत बसून, माणसाला घरी परत जायची ओढ कधी लागते हे शोधून काढलं आणि त्यावर भाव लावला.

परतीचं न काढता एकाच बाजूचं काढलं तर महाग, हे त्यातूनच आलेलं. लांबच्या रूटवर जुन्या मोठ्या एअरलाइन्सच्या स्वस्त भाड्यांना बहुतेक वेळा परतीची तारीख जोडलेली असते, इतके दिवस किमान, इतके दिवस कमाल. ज्याला परतीची तारीख सांगता येत नाही तो म्हणजे कामात अडकलेला किंवा कसल्यातरी संकटात, आणि दोघेही पैसे देणारच. तिला तारीख सांगता आली नाही. म्हणून अर्ध्या प्रवासाचे अडीचपट.

आता देशांचं. मी स्वस्तात आले ते कसं, हे मला तेव्हा पूर्ण कळलंही नव्हतं, मी नुसती युक्ती वापरली होती. अशा तिकिटांच्या मागावर असणारे लोक त्या पहिल्या छोट्या विमानाला पोझिशनिंग फ्लाइट म्हणतात, म्हणजे भाव जिथे चांगला आहे तिथे आधी स्वतःला नेऊन ठेवायचं. भाडं ठरतं ते प्रवास कुठून सुरू होतो त्यावर, आणि ते मांडलं जातं साधारण त्या देशाच्या चलनात, त्या देशातल्या स्पर्धेप्रमाणे. ती बाई जिथे राहते ते शहर म्हणजे त्या एअरलाइनचा स्वतःचा अड्डा, हब. तिथून थेट विमान त्यांचंच. थेट जायचंय ना, मग द्या. मी ज्या शहरातून सुरुवात केली तिथून मला तीन-चार वेगवेगळ्या शहरांमधून, वेगवेगळ्या कंपन्यांनी जाता आलं असतं, कुणाचंच विमान थेट नव्हतं, सगळ्यांकडे कुठे ना कुठे उतरून बदलायचं होतं. म्हणून मला ओढून घ्यायला त्यांनी भाव पाडला. त्या तिकिटावर मी दोन विमानांत बसले, दोनदा जेवले, माझी बॅग दोनदा चढवली-उतरवली, माझ्यावर खर्च नक्कीच जास्त झाला, आणि पैसे कमी दिले. आणि तिने हे सगळं ऐकून फक्त शेवटचा तुकडा घेतला असता आणि पहिला सोडून दिला असता, तर चाललं नसतं, कारण तिकिटातल्या पहिल्या विमानात हजर नसलं की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. नियम तसाच लिहिलेला असतो.

सीट तीच. ओळ तीच. तिच्या गुडघ्यांना आणि माझ्या गुडघ्यांना तेवढीच जागा.

मला आधी वाटायचं की देशादेशांत भाव वेगळे असतात ते तिथल्या लोकांच्या खिशाकडे बघून. श्रीमंत देशात महाग, गरीब देशात स्वस्त, म्हणजे एक प्रकारचा न्यायच की. आणि काही बाबतीत ते खरंही आहे. हॉटेलातली खोली झाडणाऱ्याचा, टॅक्सी चालवणाऱ्याचा पगार त्या देशाप्रमाणे असतो, म्हणून तिथली खोली आणि टॅक्सी त्या मानाने स्वस्त, ती काही बोटीत घालून दुसरीकडे नेऊन विकता येत नाही. पण विमानाच्या सीटच्या बाबतीत मी जसजशी खोलात गेले तसतसा हा समज ढासळत गेला. आफ्रिकेतल्या एका देशातून शेजारच्या देशात जायला कधी कधी इतके पैसे पडतात की त्यात युरोपात चार फेऱ्या होतील, आणि तिथली माणसं काही श्रीमंत नाहीत. रोज एखादंच विमान, स्पर्धा नाही, विमानतळाचे कर जास्त. नायजेरियाचं उदाहरण तर फारच बोलकं. तिथे एअरलाइन्स तिकिटं विकायच्या नायरामध्ये, पण ते पैसे डॉलरमध्ये बदलून बाहेर न्यायला देशात डॉलरच पुरेसे नव्हते. आयाटाच्या हिशेबाने २०२३ च्या जूनमध्ये असे अडकलेले पैसे ८५ कोटी डॉलरवर गेले होते. एअरलाइन्सनी काय केलं, तर नायजेरियात स्वस्त तिकिटंच दाखवायची बंद केली. मग लागोसची माणसं जवळच्या घानात अक्राला जाऊन तिथून विमान पकडायला लागली. ज्याला अक्रापर्यंत जायला वेळ आणि पैसा आहे तो गेला. ज्याला उद्याच निघायचंय त्याने लागोसचा भाव दिला. देशाच्या तिजोरीतला डॉलरचा खडखडाट त्याच्या एकट्याच्या तिकिटावर येऊन बसला.

म्हणजे ते तुमचा खिसा बघत नाहीत. तुमच्याकडे दुसरा रस्ता आहे का ते बघतात.

हे मला कळलं आणि ती बाई मला पुन्हा दिसली. तिचा पगार माझ्याहून कमी होता, त्यात शंकाच नाही. माझ्याकडे काय होतं? चार महिने आधीपासून वेळ होता, रात्री लॅपटॉप उघडून तारखा उलटसुलट करत बसायची फुरसत होती, एक जास्तीचा दिवस होता, दुसऱ्या देशात उतरू देणारा कागद होता. हे सगळं म्हणजे पर्याय, आणि पर्याय ज्यांच्याकडे असतात ते बहुधा अडलेले नसतातच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते लहानपणी पाठ केलं होतं, पण अडलेपणाचं इतकं नेमकं, चोवीस तास चालणारं मोजमाप यंत्र कुणी बनवलं असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. एअरलाइन्सच्याच मालकीची अ‍ॅटप्को म्हणून एक कंपनी आहे, १९६५ मध्ये सुरू झालेली. ती शेकडो एअरलाइन्सची भाडी आणि त्यांच्या अटी गोळा करून जगभरच्या बुकिंग सिस्टिम्सना पुरवते. प्रत्येक भाड्याला एक अक्षर असतं, वाय, एम, के, क्यू असं काहीबाही, आणि एकेका अक्षराच्या खाली थोड्या थोड्या सीट. स्वस्त अक्षर संपलं की पुढचं उघडतं. लोक मला नेहमी सांगतात की एकच तिकीट दोनदा शोधलं की भाव वाढतो, म्हणून इनकॉग्निटो विंडोत शोध. मीही तसंच करते अजून, सवयीने. पण बहुतेक वेळा होतं एवढंच की मधल्या वेळात त्या अक्षरातल्या शेवटच्या दोन सीट दुसऱ्या कुणीतरी घेतलेल्या असतात. आपल्यावर पाळत ठेवायची त्यांना फारशी गरजच नाही, आपण किती दिवस आधी आलो, कुठून आलो आणि परत कधी येणार, या तीन उत्तरांत आपण आपल्याबद्दल पुष्कळ सांगून बसलेलो असतो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. तिकिटावर नाव का असतं? सुरक्षेसाठी, हे बरोबरच. पण नाव नसतं तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. मी चार महिने आधी घेतलेलं स्वस्त तिकीट त्या बाईला विकू शकले असते, थोडा नफा ठेवून, आणि तरी तिला ते निम्म्यात पडलं असतं. अमेरिकेत एके काळी देशातल्या विमानप्रवासाला ओळखपत्र कुणी फारसं बघायचं नाही, तेव्हा पेपरमधल्या छोट्या जाहिरातींत लोक आपली न वापरलेली परतीची तिकिटं विकायचे. १९९६ नंतर ओळखपत्र बघणं सगळीकडे कडक झालं आणि तो बाजार मिटला. कांदे एका गावात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग झाले तर कुणीतरी गाडी भरून नेतो आणि दोन्हीकडचा भाव हळूहळू जवळ येतो. सीट तशी नेता येत नाही, ती नावाला शिवलेली आहे. म्हणून दोन शेजारच्या सीटच्या भावात एवढी दरी राहू शकते आणि कुणी ती बुजवू शकत नाही.

पण मला सगळा वेगळा भाव वाईट वाटतो असं नाही, आणि इथेच माझा गोंधळ होतो. कंबोडियात अंगकोरची जुनी देवळं बघायला एका दिवसाचा पास २०१७ पासून परदेशी माणसाला ३७ डॉलर आहे आणि कंबोडियाच्या माणसाला फुकट. मला हे मनापासून योग्य वाटतं. ज्यांच्या पूर्वजांनी ते दगड वाहिले त्यांच्या लेकरांनी तिकीट का काढावं? जॉर्डनमध्ये पेट्रा हे जुनं शहर बघायला देशात एक रात्र तरी राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे ५० दिनार आणि सकाळी सीमा ओलांडून येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याला ९०. तिथल्या माणसाला १ दिनार. हेही समजतं, जो गावात राहून जेवून जातो तो आधीच काहीतरी देऊन गेलेला असतो. उलटंही असतं. जपानचा रेल्वे पास बाहेरून फिरायला येणाऱ्यांसाठी, तिथे राहणारा रोजचा प्रवासी तो घेऊ शकत नाही, त्याने पूर्ण तिकीट काढायचं. वर्षानुवर्षं तो पास इतका स्वस्त होता की तिथल्या लोकांना काय वाटत असेल असं मनात यायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला तेव्हा फिरणाऱ्यांनी हाकाटी केली, मला मात्र थोडं बरं वाटलं. स्पेनमध्ये कॅनरी आणि बॅलेरिक बेटांवर राहणाऱ्यांना देशातल्या देशात विमानाच्या तिकिटावर ७५ टक्के सवलत मिळते, ती सरकार भरतं, कारण बेटावर जन्मलेल्या माणसाला दुसरा रस्ता नाही हे त्यांनी मान्य केलंय. वाचताना मी तिथेच थांबले. दुसरा रस्ता नाही म्हणून भाव कमी. अगदी उलटं गणित, आणि तेही चालतंय.

आणि मग हेही आहे की माझं स्वस्त तिकीट त्या बाईच्या महाग तिकिटामुळे शक्य झालं. विमान उडवायचा खर्च बराचसा ठरलेला असतो, माणसं भरा नाहीतर रिकामं न्या. सगळ्यांना माझा भाव लावला तर तो रूट चालणार नाही. सगळ्यांना तिचा भाव लावला तर निम्म्या सीट रिकाम्या जातील, रोजचं विमान आठवड्यातून दोनदा होईल, आणि मग तीन दिवसांत आईकडे पोचायचं तर तिला तेही जमणार नाही. एवढं मला कळतं. शेवटच्या दिवशी जागा शिल्लक होती म्हणून ती पोचली, आणि ती जागा शिल्लक होती कारण कुणीतरी ती आधी स्वस्तात विकली नाही. यातलं काहीच खोटं नाही. तरीही जेव्हा मी हे सगळं मनातल्या मनात तिला समजावून सांगते तेव्हा माझं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

काही एअरलाइन्स, पूर्वी जास्त होत्या आता कमी, घरात मृत्यू झाला किंवा कुणी अगदी शेवटच्या घटकेला असेल तर सवलतीचं भाडं देतात. कागद मागतात, नातं काय, हॉस्पिटल कुठलं, अंत्यविधी कुठे. कॅनडातली एक केस आहे, आजी गेली म्हणून नातू तातडीने व्हँकुव्हरहून टोरोंटोला निघाला, एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आत्ता पूर्ण पैसे भर, सवलतीचा अर्ज ९० दिवसांत नंतरही करता येतो. नंतर कंपनी म्हणाली, नाही करता येत. तो भांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने त्याच्या बाजूने निकाल दिला, नुकसानभरपाई साधारण ६५० कॅनेडियन डॉलर. बातम्या सगळ्या चॅटबॉटवर आल्या, यंत्राच्या चुकीला कंपनी जबाबदार का वगैरे. मला त्यातलं वेगळंच दिसत राहिलं. आजी गेलेल्या दिवशी कुणीतरी स्क्रीनसमोर बसून विचारतंय, माझं दुःख तुमच्या नियमात बसतं का. विमानातल्या त्या बाईला कुणी हे सांगितलं नव्हतं, अशी काही सवलत असते हे. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिची आई जिवंत होती, आणि त्या मध्यरात्री असा कागद तिने आणला कुठून असता.

विमान पहाटे उतरलं. बॅगांच्या पट्ट्यापाशी आम्ही परत शेजारी उभ्या होतो, पट्टा अजून सुरू झाला नव्हता, त्या रबराचा आणि फिनाइलचा वास, सगळ्यांचे चेहरे सुजलेले. तिने भावाला फोन केला, दोन मिनिटं बोलली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, परतीचं तिकीट तुझ्यासारखं कसं काढायचं ते दाखव. मला इतकं बरं वाटलं. रात्रभर जे मनात साचलं होतं ते आता कशाच्या तरी कामी येणार होतं. मी तिच्या फोनवर साइट उघडली. कुठून, ते भरलं. कुठे, ते भरलं. मग तो महिन्याचा तक्ता आला, प्रत्येक तारखेखाली भाव, महाग तारखा लाल, स्वस्त तारखा हिरव्या. मी तिला दाखवलं, हे बघ, हा मंगळवार, पुढच्या आठवड्यातला, हा सगळ्यात स्वस्त आहे, आत्ता घेतलंस तर कालच्यापेक्षा कितीतरी कमी.

तिने हिरव्या चौकोनावर बोट नेलं. तसंच धरून राहिली, टेकवलं नाही.

"मंगळवारी मी परत आले तर," ती म्हणाली, "म्हणजे तोपर्यंत..."

पट्टा सुरू झाला. तिची बॅग पहिल्या पाच-सहांतच आली, निळी, हँडलला लाल दोरा बांधलेली. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि ती उचलायला पुढे गेली.